डाव्या वळणाचा साक्षी

भाद्रपदांत गणपति आणावयाचा म्हटलें कीं आमच्या घरांत एक वाद ठरलेला असतो. सोंड डावीकडे वळलेली कीं उजवीकडे? उजव्या सोंडेचा देव कडक, त्याचें सोंवळें आपल्या घरास झेपावयाचें नाहीं, असें घरांतील वडील स्त्रियांचें मत. आणि मूर्तिकाराकडे गेल्यावर नातवंडांना नेमकी तीच मूर्ति आवडते. मोरया गोसावींच्या चिंचवडांत राहणाऱ्यांना हा वाद नवा नाहीं. गेल्या वर्षीं तो ऐन रंगांत आला असतां आमची सूनबाई पाट पुसतां पुसतां म्हणाली, “मामंजी, सोंडेच्या वळणानें एवढें होतें, तर आमच्या परीक्षानळींतल्या वळणाची गोष्ट तुम्हांला सांगितलीच पाहिजे.”

सूनबाई भोसरीच्या बाजूस एका रोगपरीक्षणशाळेंत काम करते. त्या दिवशीं तिनें जें सांगितलें, आणि मागाहून नातवाच्या मदतीनें आम्हीं वाचून जें पडताळून पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांत आमच्या घरचें एक दुःखहि गुंतलेलें आहे. तें ओघानें येईलच.

आरंभ आपल्या दोन हातांपासून करूं. दोहोंस पांच पांच बोटें, लांबी तीच, ठेवण तीच. पण दोन्ही हात पालथे धरून एकावर एक ठेवून पाहा, अंगठे विरुद्ध बाजूंस जातात. उजवा हात आरशासमोर धरला तर आंत डावा दिसतो. कित्येक रेणूंचेंहि असेंच असतें. अणु तेच, त्यांची संख्या तीच, कोण कोणास जोडलेला हेंहि तेंच. वजन, विद्राव्यता, वितळण्याची उष्णता, सर्व सारखें. तरीहि एक दुसऱ्यावर तंतोतंत बसत नाहीं, कारण एक दुसऱ्याचें आरशांतील प्रतिबिंब असतो.

ही गोष्ट ज्यानें प्रथम प्रयोगानें दाखविली त्या लुई पाश्चरचा आणि आमच्या गांवाचा दूरचा संबंध लावतां येतो. चिंच व वड ह्या झाडांवरून चिंचवड हें नांव पडलें असें म्हणतात. चिंचेचा आंबटपणा मुख्यत्वें टार्टारिक अम्लाचा. तेंच अम्ल द्राक्षांत असतें, आणि द्राक्षांचें मद्य ज्या पिंपांत मुरवितात त्यांच्या आंतल्या अंगास त्याच्या क्षाराची खपली धरते. १८४८ सालीं पाश्चर पंचवीस वर्षांचा होता. मद्याच्या कारखान्यांतून मिळणाऱ्या अशाच एका अम्लाचा क्षार भिंगाखालीं पाहत असतां त्याला दिसलें कीं, स्फटिक दोन प्रकारचे आहेत. कांहींची एक तिरपी बाजू उजवीकडे, तर कांहींची डावीकडे. आपल्या घरच्या स्त्रिया तांदळांतले खडे वेंचतात तसे त्यानें चिमट्यानें स्फटिक वेंचले, दोन राशी केल्या आणि निरनिराळ्या पाण्यांत विरघळविल्या. एका पाण्यानें, एकाच पातळींत कंप पावणारा प्रकाश उजवीकडे वळला. दुसऱ्यानें तितकाच डावीकडे. पुढें त्यालाच आढळलें कीं, अशा मिश्रणांत बुरशी वाढूं दिली तर ती उजवें तेवढें खाते आणि डावें ताटांत तसेंच ठेवते. तराजूला जो भेद कळत नाहीं तो एका क्षुद्र बुरशीला कळला! ही बुरशी पेनिसिलियम कुळांतली होती, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पिंपरीच्या हद्दींत शिरल्यावर तिच्या कुळाची पुन्हां गांठ पडणार आहे.

जिवंत देहाला हा भेद कळतो, कारण त्याची सारी यंत्रसामग्री एकाच हाताची घडलेली आहे. आपल्या प्रथिनांचे घटक डाव्या ठेवणीचे, तर शर्करा उजव्या ठेवणीच्या. असें कां, ह्याचा निकाल शास्त्रज्ञांत अजून लागलेला नाहीं. पुदिना व बाळंतशेप दोहोंच्या वासांत कार्व्होन नांवाचें द्रव्य आहे. एकांतलें तें दुसऱ्यांतल्याचें प्रतिबिंब. रासायनिक तराजूला दोन्हीं सारखींच, पण स्वयंपाकघरांत डोळे मिटूनहि कोणी त्यांची गल्लत करणार नाहीं.

आतां डीएनएकडे येऊं. पिळलेल्या शिडीसारखा हा रेणु. पायऱ्या चार अक्षरांच्या जोड्यांच्या, आणि दोन कठडे शर्करा व फॉस्फेट ह्यांचे. ही शर्करा उजव्या ठेवणीची असल्यामुळें दूर्वेपासून हत्तीपर्यंत ह्या शिडीचा नेहमींचा पीळ उजवाच असतो. परंतु रसायनशाळेंत त्याच शर्करेचें प्रतिबिंब घेऊन, तीच अक्षरें त्याच क्रमानें लावून, डाव्या पिळाची शिडी बांधतां येते. शास्त्रज्ञ तिला एल-डीएनए म्हणतात. नैसर्गिक तें डी-डीएनए. हीं अक्षरें लॅटिनमधील डाव्या-उजव्याच्या शब्दांचीं आद्याक्षरें आहेत.

आमचा पुतण्या चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यांत आहे. तो जेवतां जेवतां थांबून म्हणाला, “म्हणजे उलटे आटे!” आमच्या सर्व व्याख्यानापेक्षां त्याचे हे दोन शब्द बरे. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीं तर चालतां चालतां तें सैल होऊन निघेल. वेल्डिंगच्या दुकानांत ऑक्सिजनच्या जोडणीचे आटे सुलटे आणि ॲसिटिलिनच्या जोडणीचे उलटे ठेवतात, म्हणजे घाईंतहि एकाची नळी दुसऱ्यावर चढूं नये. लोखंड तेंच, जाडी तीच, ताण सोसण्याची शक्ति तीच. फक्त सुलट्या आट्यांच्या नटांत तो बोल्ट जाणार नाहीं.

डाव्या डीएनएचेंहि तसेंच. आपल्या शरीरांत आणि लाळेरक्तांत डीएनएचे तुकडे करणारीं विकरें असतात. तीं ह्या शिडीला हात लावूं शकत नाहींत. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या विकराला ती दिसतच नाहीं. उजव्या शिडीच्या सुट्या कठड्याशीं तिचा कठडा सहसा जुळत नाहीं. मात्र स्वतःच्या जातीच्या जोडीदाराशीं ती जुळते, आणि नैसर्गिक शिडी ज्या उष्णतेस उलगडते त्याच उष्णतेस उलगडते. हें शेवटचें वाक्य महत्त्वाचें. त्याचा उपयोग समजण्यासाठीं आमच्या घरच्या प्रसंगाकडे वळावें लागेल.

२०२० सालच्या आषाढांत आमचे धाकटे बंधु तापानें पडले. साथीचे दिवस. माडीवरच्या खोलींत त्यांना ठेवून ताट उंबऱ्याशीं ठेवण्याचा क्रम सुरू झाला. एका परीक्षणशाळेकडे नमुना दिला. तिसऱ्या दिवशीं मोबाइलवर एका ओळीचा निकाल आला: अनिर्णित. सूनबाई त्या वेळीं घरीं नव्हती. तिच्या शाळेंतील मंडळी घरच्यांस बाधा नको म्हणून महिनाभर तिकडेच राहत होती, आणि रात्रपाळीमुळें तिचा फोनहि लागला नाहीं. ताप तर उतरला होता. घरांतल्या मोठ्यांनीं, म्हणजे खरें सांगावयाचें तर आम्हींच, त्या शब्दाचा अर्थ “कांहीं सांपडलें नाहीं” असा केला. दाराची कडी निघाली. आमच्या ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई, ज्यांनीं ह्या बंधूंना आईच्या मागें वाढविलें होतें, पेज घेऊन त्यांच्या उशाशीं संबंध दुपार बसल्या. दुसऱ्या नमुन्याचा निकाल दोन दिवसांनीं आला, तो रोग असल्याचा. बंधु बरे झाले. आत्याबाई आठव्या दिवशीं रुग्णालयांत गेल्या त्या परत आल्या नाहींत.

न्यायशास्त्रांत संशय आणि अभावाचा निश्चय हे दोन निरनिराळे मानले आहेत. छत्तीस वर्षें वर्गांत आम्हीं मुलांना “नाहीं” आणि “ठाऊक नाहीं” ह्यांतला भेद शिकविला. जेव्हां तो स्वतःच्या घरीं कामीं यावयाचा तेव्हां तोच विसरलों.

पुढें सूनबाईला आम्हीं विचारलें कीं, ह्या नळींत होतें तरी काय. त्या परीक्षेला पीसीआर म्हणतात. १९८३ सालीं कॅरी मलिस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाला ती सुचली, व १९९३ सालीं तिच्यासाठीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या भागास ही विद्या साथीच्या आधींपासून परिचित आहे. भोसरीस १९९२ सालीं राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ह्या नांवानें स्थापन झालेली संस्था आहे, आणि रक्तांतील एड्सच्या विषाणूंची मोजदाद ह्याच पद्धतीनें होते. २०२० सालच्या मार्चमध्यें भारतीय बनावटीचा पहिला मान्यताप्राप्त कोरोना-परीक्षासंच ज्या ‘मायलॅब’नें काढला तिचा कारखानाहि ह्याच रस्त्यानें पुढें लोणावळ्यास. तो संच सिद्ध करणाऱ्या मंडळींच्या प्रमुख मीनल डाखवे-भोसले ह्यांचे तेव्हां दिवस भरले होते. संच तपासणीसाठीं देऊन झाल्यावर त्या प्रसूत झाल्या. भगिनीवर्गास ही हकीकत कळावी म्हणून मुद्दाम दिली.

परीक्षेचें तत्त्व असें: विषाणूच्या आरएनएवरून प्रथम डीएनए करून घेतात. मग मिश्रण सुमारें ९५ अंशांपर्यंत तापविलें कीं शिडीचे दोन कठडे सुटे होतात. ६० अंशांच्या आसपास निवविलें कीं आपण आधींच घातलेले लहान तुकडे त्या कठड्यांवर आपापल्या जागीं चिकटतात, आणि तेथून विकर पुढची प्रत लिहीत जातें. एका फेरींत एकाचे दोन, दुसऱ्या फेरींत चार. तीस फेऱ्यांत शंभर कोटींहून अधिक. विषाणु नमुन्यांत मुळींच नसेल, तर कितीहि फेऱ्या झाल्या तरी कांहीं वाढत नाहीं.

सारी मदार उष्णतेवर. तापमान पुरतें चढलें नाहीं तर कठडे सुटे होत नाहींत. निवविण्यांत चूक झाली तर तुकडे चिकटत नाहींत किंवा भलतीकडे चिकटतात. यंत्र मोजतें तें धातूच्या ठोकळ्याची उष्णता. नळींतल्या थेंबाची नव्हे. त्यांत नमुन्याबरोबर मीठ अधिक आलें तर कठडे सुटण्याचें तापमानच बदलतें. हें सूनबाई सांगत असतां आमची पत्नी म्हणाली, “चुलीकडे पाहून भात शिजला कीं नाहीं कसें कळेल? शीत चेपून पाहिलें पाहिजे.”

अमेरिकेंत नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठांत फ्रेडरिक हॅसल्टन, निकोलस ॲडम्स आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं जी युक्ति केली व २०१७ सालीं प्रसिद्ध केली, ती म्हणजे शितावरून भाताची परीक्षाच होय. ज्या डीएनएची वाढ करावयाची त्याच्याच अक्षरांचें, पण डाव्या पिळाचें डीएनए त्यांनीं त्याच नळींत घातलें व त्याला चकाकणारे रंग जोडले. नळी तापूं लागली कीं उजवी शिडी जेव्हां उलगडते तेव्हांच डावीहि उलगडते, आणि प्रकाश बदलतो. यंत्र तो प्रकाश पाहून समजतें कीं तापविणें पुरें झालें. निवतांना डावे तुकडे आपल्या जागीं चिकटले कीं प्रकाश पुन्हां बदलतो. म्हणजे उजवेहि चिकटले. अंश मोजावयाचेच नाहींत. मीठ अधिक असेल तर साक्षीदाराचें उलगडणेंहि तितकेंच पुढेंमागें सरकतें, आणि यंत्र आपोआप सुधारून घेतें. विकराला मात्र हें डावें डीएनए दिसत नसल्यामुळें त्याची एकहि प्रत निघत नाहीं, आणि निकालांत त्याची भेसळ होत नाहीं.

एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांची उपनिषदांतली उपमा आमच्या वाचकांस परिचित आहे; एक फळ खातो, दुसरा न खातां नुसता पाहतो. ती आत्मज्ञानाची गोष्ट येथें परीक्षानळींत आणणें कोणास धाष्टर्याचें वाटेल. पण हें वाचतांना दुसरें कांहीं आम्हांस आठवलें नाहीं.

असें यंत्र त्या आषाढांत असतें तर आत्याबाई वाचल्या असत्या, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. निकाल अनिर्णित येण्यास कारणें पुष्कळ: नमुना नीट न घेतला जाणें, वाटेंत तो उन्हांत राहणें, विषाणु अगदींच थोडे असणें. उष्णतेचा दोष हें त्यांतलें एक. शिवाय परीक्षा फसली हें त्या कागदानें प्रामाणिकपणें सांगितलें होतें. चुकीचा वाचला तो आम्हीं.

डाव्या डीएनएचे दुसरेहि उपयोग आहेत. रोगाचें डीएनए ओळखण्यासाठीं केसांत खोंवावयाच्या आंकड्याच्या आकाराचा एक शोधक तुकडा वापरतात. तो मिटलेला असतां अंधार, आणि इष्ट अक्षरें सांपडून उघडला कीं प्रकाश. अडचण ही कीं आंकड्याचे पाय कधीं विकरें कुरतडतात, तर कधीं ते नमुन्यांतल्या भलत्याच तुकड्याशीं गुंततात, आणि खोटा प्रकाश दिसतो. २००७ सालीं फ्लॉरिडा विद्यापीठांतील वायहोंग टान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आंकड्याचे पाय डाव्या डीएनएचे आणि मधला शोधणारा भाग नेहमींच्या डीएनएचा ठेवला. पाय कोणांत गुंतेनात.

आमच्या पलीकडे पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत, कृष्णा गणेश व वैजयंती कुमार ह्यांनीं ह्याच्या शेजारच्या वाटेनें पुष्कळ वर्षें काम केलें. त्यांनीं हातीं घेतलेल्या पीएनए ह्या रेणूंत शर्करेचा कठडाच काढून त्याच्या जागीं प्रथिनासारखा कठडा घातलेला असतो. त्यालाहि विकरें तोडूं शकत नाहींत. त्या कठड्यांत निरनिराळ्या हाताचीं वलयें बसवून तो डीएनएशीं कसा अधिक नेमकेपणानें जुळेल हें त्यांनीं पाहिलें. गणेश पुढें पुण्याच्या आयसर संस्थेचे पहिले संचालक झाले.

डावें डीएनए महाग पडतें. निसर्गांतलें कोणतेंहि विकर त्याच्या प्रती काढीत नाहीं, तेव्हां एक एक अक्षर रासायनिक रीतीनें जोडावें लागतें. मग विकरच आरशांतलें कां करूं नये? चीनमधील टिंग झू ह्यांनीं २०१६ सालीं १७४ घटकांचें असें एक विकर बांधून दाखविलें, आणि २०२१ सालीं ७७५ घटकांचें, पुष्कळ समर्थ. त्याच्या साहाय्यानें डाव्या डीएनएंत त्यांनीं एक परिच्छेद लिहून ठेवला. तो पाश्चरच्या १८६० सालच्या लिखाणांतला होता. गुरूचें ऋण असेंहि फेडतां येतें.

आतां पिंपरी. जुन्या मुंबई रस्त्यावर अजून ‘एच. ए.’ ह्या नांवानें ओळखला जाणारा भाग आहे तो हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा. १९५४ सालीं सरकारनें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्यानें तो कारखाना उभारला, आणि १९५५ पासून तेथें पेनिसिलिन निघूं लागलें. आमच्या लहानपणीं पिंपरी म्हणजे पेनिसिलिन हें समीकरणच होतें. तेथल्या संशोधकांनीं ज्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हें बुरशीनाशक काढलें त्याचें शास्त्रीय नांवहि स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना असें ठेवलें. गांवाचें नांव जंतूला मिळालें ह्याचा आम्हांस कोण अभिमान!

पेनिसिलिनचें सामर्थ्य डाव्या-उजव्याच्या भेदांतच आहे, हें आम्हांस मात्र आतां ह्या वयांत कळलें. प्रथिनांचे घटक सर्वत्र डाव्या ठेवणीचे असतात असें वर सांगितलें. जंतु आपल्या तटाच्या भिंतींत मात्र कांहीं उजव्या ठेवणीचे घटक, विशेषतः डी-ॲलानिनच्या जोड्या, वापरतात; डाव्या ठेवणीचीं प्रथिनें तोडणाऱ्या हत्यारांना त्या तोडतां येत नाहींत. १९६५ सालीं टिपर व स्ट्रॉमिंगर ह्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, पेनिसिलिन हें ह्याच जोडीचा तोतया आहे. भिंत सांधणारें विकर त्याला खरा घटक समजून धरतें आणि कायमचें अडकून बसतें. भिंत अपुरी राहून जंतु फुटतो. आपल्या शरीरांत अशी भिंतच नाहीं, म्हणून आपल्याला तें बाधत नाहीं.

येथेंच ह्या विषयाची दुसरी बाजू समोर येते. डिसेंबर २०२४ मध्यें ‘सायन्स’ ह्या नियतकालिकांत ३८ शास्त्रज्ञांनीं इशारा दिला कीं, संपूर्णपणें आरशांतला असा जिवंत जंतु कोणी घडवूं नये. त्यांच्यापैकीं कांहीं जण स्वतः त्या दिशेनें काम करीत होते, आणि विचारांतीं थांबले. डावें डीएनए ज्या गुणामुळें उत्तम साक्षी होतें तोच गुण जिवंत जंतूच्या अंगीं आला तर? आपल्या शरीराचे पहारेकरी त्याला ओळखणार नाहींत. त्याला खाणारे विषाणु व सूक्ष्म जीव त्याला खाऊं शकणार नाहींत. पिंपरीचें पेनिसिलिनहि बहुधा त्याच्यापुढें निरुपयोगी ठरेल, कारण त्याच्या भिंतीचे आटेहि उलटेच असतील. असा जंतु आज कोणाजवळ नाहीं, आणि तो करणें अद्याप फार दूरचें आहे. नळींतला डाव्या डीएनएचा तुकडा निर्जीव असतो, वाढत नाहीं, कोणास लागत नाहीं. त्याच्या वापरावर त्या शास्त्रज्ञांचाहि आक्षेप नाहीं. हा भेद वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हरवतो, म्हणून येथें स्पष्ट केला.

लेख पुरा करण्यापूर्वीं आम्हीं सूनबाईस विचारलें कीं, तुमच्याकडे असें साक्षीदाराचें यंत्र आलें आहे काय. ती म्हणाली, “नाहीं मामंजी. आमचें यंत्र अजून ठोकळ्याचीच उष्णता मोजतें.” मग तिनें डबा भरला व ती रात्रपाळीस निघाली. अनिर्णित निकाल ती आतां नुसता पाठवून देत नाहीं. त्या घरीं स्वतः फोन करते, फोन घरांतल्या सर्वांत वडील माणसाकडे द्यावयास सांगते, आणि दुसरा नमुना येईपर्यंत दार उघडूं नका असें त्यांच्याकडून दोनदां म्हणवून घेते.